जुनी शो-कार घ्यायची तर कोणती? जपलेली, अडगळीतून निघालेली, पडद्यावर गाजलेली की सरळ नक्कल?

एकाच कारागिराच्या कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या. दोन्ही 1950 च्या दशकातल्या, आणि दोन्ही मेकम याच लिलाव कंपनीने विकल्या. मे 2018 मध्ये इंडियानापोलिसला 'गोल्डन सहारा 2' कमिशनसकट 3,85,000 डॉलरला गेली. जानेवारी 2022 मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीला 'हिरोहाता मर्क' 21,45,000 डॉलरला. साडेपाच पटीचा फरक, आणि तो कारागिरीतला नाही. दोन्हींवर लॉस एंजेलिसजवळच्या जॉर्ज बॅरिसच्या कारखान्याचाच हात फिरलेला आहे.

तिकडे अमेरिकेत राहून, हाताशी चार पैसे असताना 'एखादी ऐतिहासिक कस्टम गाडी (कंपनीची गाडी कापून-जोडून नव्या रूपात घडवलेली) घ्यावी का' असा विचार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा लेख. लिलावाच्या बातम्यांत फक्त आकडा छापतात. तो कशाचा, आणि गाडी दारात आल्यावर पुढे काय, हे ज्याचं त्याने शोधायचं.

हिरोहाता मर्क: मालकीची साखळी न तुटलेली

बॉब हिरोहाता हा जपानी वंशाचा अमेरिकन तरुण. त्याची 1951 ची मर्क्युरी बॅरिसकडे 1952 मध्ये गेली आणि परत आली ती ओळखू न येणारी. छत पुढून चार इंच आणि मागून सात इंच कापून खाली बसवलेलं, दारामागचा खांब काढून टाकलेला, बाजूला ब्यूकची क्रोमपट्टी. पट्टीच्या वर फिकट समुद्री हिरवा आणि खाली गडद हिरवा. छत असं तिरकं कापलं की काच, दाराची चौकट, मागचा उतार, एकूण एक रेघ नव्याने जुळवावी लागते. या गाडीत ती इतकी सहज जुळली आहे की मर्क्युरी मुळात अशीच येत असावी असं वाटतं. डॅशबोर्डवरच्या रंगीत प्लास्टिकच्या थरांच्या मुठी हिरोहाताने स्वतः घडवल्या होत्या. तशा मुठी करून तो इतरांना विकायचाही.

मग गाडी हातोहात फिरली, रंग बदलला, सिनेमातही झळकली. 1959 मध्ये ती जुन्या गाड्यांच्या बाजारात होती आणि एका तरुण मुलाने ती 500 डॉलरला घेतली. त्याने ती रोज चालवली, पुढे शेडमध्ये उभी केली, पण विकली नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्याने हळूहळू डागडुजी सुरू केली. 2015 ला गाडी कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या मानाच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात, हिरवळीवर उभी होती. 2017 मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचं नाव चढलं आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ठेवून ती लोकांना दाखवली गेली. विकली ती त्याच्या पश्चात, घरच्यांनी.

500 डॉलरचे साडेएकवीस लाख म्हणजे वर्षाला सरासरी 14 टक्क्यांच्या आसपास. आकडा मोहात पाडणारा आहे. पण त्यात साठ वर्षांची जागा, दुरुस्ती आणि विमा धरलेला नाही. शिवाय 1959 मध्ये 500 डॉलरला विकल्या गेलेल्या बाकीच्या कस्टम गाड्या कुठे गेल्या? बहुतेक भंगारात. त्यांचा परतावा कुणी मोजत नाही.

गोल्डन सहारा: साखळी कुलूपबंद, पण अंग झिजलेलं

ही मूळची बॅरिसची स्वतःची 1953 ची लिंकन कॅप्री. एकदा ती गवताने भरलेल्या ट्रकच्या मागून आत घुसली आणि छत उडालं. त्या सांगाड्यावर ओहायोतल्या डेटनच्या जिम स्ट्रीट या हौशी माणसाच्या पैशातून सोनेरी गाडी उभी राहिली. माशांच्या खवल्यांच्या अर्काने मोत्यासारखी झळाळणारी. मग स्ट्रीटने ती दुसऱ्यांदा घडवून घेतली: स्टिअरिंगच्या जागी विमानासारखी दांडी, रिमोटवर चालणारी यंत्रणा, समोर काही आलं की आपोआप लागणारे ब्रेक. आणि गुडइयरची अर्धपारदर्शक टायर्स, ज्यांच्या आत दिवे लावले की अख्खं चाक उजळून निघायचं. 1960 च्या आसपास हे सगळं जत्रेतल्या जादूच्या खेळासारखं गाजलं. त्या दशकाच्या अखेरीस स्ट्रीटने गाडी डेटनच्या गॅरेजात बंद केली आणि 2017 मध्ये त्याचं निधन होईपर्यंत ती जवळपास कुणाला दिसली नाही.

म्हणजे मालकी एकाच हातात, ओळखीबद्दल शंका नाही, मधे कुणी छेडछाड केलेली नाही. कागदावर हिरोहातापेक्षा काही कमी नाही. मग किंमत इतकी खाली का? मला दिसतात ती कारणं दोन. एक, गाडी चालू अवस्थेत नव्हती. तिच्यातली अर्धी जादू विजेच्या तारांत, आणि साठ वर्षांच्या जुन्या तारा म्हणजे उंदीर, गंज आणि अंदाज. दुसरं, घेणाऱ्याला दिसत होतं की हातोडा पडला की खर्च खऱ्या अर्थाने सुरू होणार. शिकागोच्या क्लेअरमाँट संग्रहालयाने ती घेतली आणि तिथल्याच एका कारखान्याकडून उभी करवली. टायर्ससाठी गुडइयरलाच साकडं घालावं लागलं. कारण तसलं टायर बाजारात मिळत नाही, ते नव्याने ओतावं लागतं. मार्च 2019 मध्ये जिनेव्हाच्या मोटर शोमध्ये ती पुन्हा उजळली.

गुडइयर तुमच्यासाठी टायर ओतून देईल का? संग्रहालयाच्या मागे जाहिरातीचं मोल उभं असतं, तुमच्या-माझ्या मागे नसतं. अडगळीतून निघालेली गाडी स्वस्त वाटते तेव्हा हे आधी विचारा: तिच्यातला कोणता भाग फक्त तिच्यापुरताच बनवला होता, आणि आज तो कोण बनवून देणार?

बॅटमोबील: पैसा सगळ्यात जास्त, पण कशाचा?

19 जानेवारी 2013, स्कॉट्सडेल, बॅरेट-जॅक्सनचा लिलाव. टीव्हीवरच्या 1966 च्या 'बॅटमॅन' मालिकेतली पहिली बॅटमोबील 42 लाखांच्या बोलीवर थांबली. कमिशन धरून 46 लाख 20 हजार डॉलर. तीही बॅरिसचीच, आणि तोवर ती त्याने स्वतःकडेच ठेवली होती. ती बनायला लागले काही आठवडे फक्त. हिरोहाता मर्कच्या पत्राकामाशी तुलना केली तर हे काम घाईचं. पण पैसे मोजणाऱ्याला पत्राकामाशी देणंघेणं नव्हतं. लहानपणी टीव्हीसमोर बसून पाहिलेली गाडी त्याला हवी होती, आणि ती जगात एकच होती.

यात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. बॅटमोबीलच्या खाली 1955 ची लिंकन फ्युचुरा आहे. ती इटलीत तुरिनच्या गियाने हाताने ठोकून घडवलेली, त्या काळी अडीच लाख डॉलर खर्चाची प्रदर्शन-गाडी. बॅरिसला ती नाममात्र एका डॉलरला मिळाली. काळा रंग, पंख, नळकांडी चढली आणि फ्युचुरा कायमची गेली. आता उद्या कुणी 'मूळ स्वरूपात आणतो' म्हणून फ्युचुरा परत काढायला बसला तर 46 लाखांची गाडी मातीमोल होईल. कस्टम गाड्यांच्या जतनाचं सगळं त्रांगडं इथे दिसतं. गोल्डन सहाराची पहिली आवृत्ती खरी की दुसरी? हिरोहाता 1952 ची की सिनेमातल्या रंगाची? कारखान्यातून निघालेल्या फेरारीला हा प्रश्न पडत नाही. इथे गाडीच्या आयुष्यातला एक क्षण निवडून बाकीचे खरवडावे लागतात, आणि बाजार पैसे मोजतो तो त्याच क्षणाचे, ज्याचे फोटो मासिकांत छापून आले.

पडद्यावरच्या गाड्यांचं माझ्या मते एक जोखमीचं अंग आहे: ती आठवण असलेली पिढी म्हातारी होतेय. पुढच्या पिढीने ती मालिका पाहिलेली नसेल तर बोली कोण लावणार?

गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांनी जनरल मोटर्सची 1954 ची पाँटियाक बॉनव्हिल स्पेशल ध्यानात ठेवावी. कस्टम नव्हे, कंपनीची प्रदर्शन-गाडी, पण जात जवळची. 2006 मध्ये बॅरेट-जॅक्सनला ती 30 लाख 80 हजारांना गेली, 2015 मध्ये तिथेच 33 लाखांना. वर गेली असं वाटतं ना? 33 लाखांत बोलीवरचं 10 टक्के कमिशन आलेलं आहे, ते वजा करा: हातोड्याची बोली 30 लाख. म्हणजे विकणाऱ्याच्या हाती नऊ वर्षांनी घेतलेल्या किमतीहूनही कमी, आणि जपणुकीचा खर्च वेगळाच. नफा झालाच, तर अमेरिकेत अशा संग्रहणीय वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्याला 28 टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, शेअरपेक्षा जास्त.

नक्कल: नाक मुरडण्याआधी

बॅरिससारखाच त्या काळी कस्टम गाड्या घडवणाऱ्या एड रॉथची 1963 ची 'मिस्टेरियन' आज मूळ रूपात उरलीच नाही. दोन व्ही-8 इंजिनांच्या वजनाने तिचा सांगाडा खचला आणि तिचे भाग पांगले. आज दिसते ती जुन्या फोटोंवरून नव्याने बांधलेली. हिरोहाता मर्कचीही हुबेहूब जोडीदार 1980 च्या दशकात बनली होती. अशा गाडीला लिलावात मूळच्या पासंगालाही न पुरणारा भाव येतो. पण चालवायची असेल, रविवारी मित्रमंडळींना फेरी मारायची असेल, तर हीच घ्या. मूळ गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे दर वळणावर लाखांचा हिशोब. नकलेला ओरखडा पडला तर पेंटरकडे न्यायचं, विषय संपला. अट एकच: विकणाऱ्याने ती नक्कल म्हणूनच विकावी, तसं बिलावर लिहून द्यावं.

रॉथचीच 1964 ची 'ऑर्बिट्रॉन' मात्र दुसऱ्या टोकाची गोष्ट. मेक्सिकोत हुआरेझच्या रस्त्यावर ऊन-पाऊस खात 2007 मध्ये ती सापडली, घुमट गायब, नाकावरचे तीन रंगी दिवे गायब. कॅलिफोर्नियातल्या गॅल्पिन या गाड्यांच्या कंपनीने ती पुन्हा उभी केली. तिच्यात किती मूळ आणि किती नवं यावर वाद घालता येईल. पण फायबरग्लासचं मूळ शरीर हाती असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक, आणि बाजारही तो मानतो.

घरी आल्यावर

या काळातल्या गाड्यांवर कोटावर कोट लॅकर (त्या काळचा चकचकीत रंग) चढवलेलं असतं. लॅकर वाळून थांबत नाही. वर्षानुवर्षं आकसत राहतं, आणि थर जाड असेल, उष्णता-थंडी आलटून-पालटून लागली, तर केसासारख्या भेगा पडतात. कँडी (खालची झळाळी दाखवणारे पारदर्शक) आणि मोतिया रंग उन्हात उडतात. छत कापल्यावरचे सांधे शिशाने भरलेले असतात, आणि झाळताना लावलेलं आम्ल नीट धुतलं गेलं नसेल तर कित्येक वर्षांनी रंगाखालून फोड वर येतात. प्लास्टिकचे घुमट पिवळे पडतात, जाळीसारखे तडकतात. म्हणून जागा अंधारी, तापमान स्थिर, आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास. प्लास्टिकचं आवरण अजिबात नको, आत दमटपणा कोंडतो. गाडी स्टँडवर उचलून ठेवायची, नाहीतर टायर बसतात.

आणि भेगा दिसल्या म्हणून लगेच रंगवायला देऊ नका. जुन्या लॅकरवर आजचा युरेथेन रंग चढला की नव्वद वर्षांच्या आजीला फेशियल केल्यासारखी चमक येते, आणि जी नोंद रंगात होती ती पुसली जाते. कॅलिफोर्नियात हवा-प्रदूषणाच्या नियमांमुळे जुनं लॅकर वापरणंही अवघड झालंय, त्यामुळे एकदा गेलेलं परत येईल याची खात्री नाही.

भारतात आणायचा विचार असेल तर तो सोडलेला बरा. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी 50 वर्षांहून जुन्या, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न झालेल्या गाड्यांना मिळते. कस्टम गाडीचा जन्मच त्या बदलातून. शिवाय ती नोंदणी रोजच्या वापराची नाही.

मग घ्यावी कोणती?

पाच लाख डॉलरच्या आतलं बजेट असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मध्यम नावाची, रंग तडकलेली, पण फोटो, पत्रं, जुनी मासिकं आणि मालकांची सलग यादी असलेली, चालू स्थितीतली गाडी. नुकतीच झगमगीत करून लिलावात आणलेली नको. त्या झगमगाटाचे पैसे तुम्ही देता आणि खाली काय दडलंय ते दिसत नाही. गोल्डन सहारासारखी बंद पडलेली नामांकित गाडी फक्त त्याने घ्यावी ज्याच्या ओळखीत पत्राकाम आणि वायरिंग दोन्ही करणारा कारागीर आहे आणि जो तीन-चार वर्षं थांबायला तयार आहे. दहा लाखांच्या वर जाऊ शकणाऱ्यांना सल्ला लागत नाही, तरी सांगतो: पडद्यापेक्षा मासिकांतली गाडी घ्या.

बोलीच्या आधी स्वतंत्र जाणकाराला घेऊन गाडी पाहायला जा. रंगाची जाडी मोजणारं यंत्र सोबत असू द्या, पण शिशावर आणि फायबरग्लासवर त्याचा आकडा फसवतो, म्हणून त्यावरच विसंबू नका. गालिचा उचलून बघा, छताचा सांधा आतून हाताने चाचपा: जुनं शिसं गार आणि घट्ट लागतं, नंतर भरलेली लांबी (पुट्टी) ठोकल्यावर बद्द आवाज करते. आणि चासीचा नंबर जुन्या नोंदणीशी अक्षर-अंक जुळवून पाहा. सगळं जुळलं तरी कमिशन आणि विक्रीकर धरून वरची मर्यादा कागदावर लिहून खिशात ठेवा. मंडपात गेल्यावर ती तोंडपाठ राहत नाही.