दूध तोडलेल्या पिल्लांसाठी आम्लयुक्त प्रोबायोटिक भुकटी : तीन वेतांचा अनुभव

सोलापूरजवळच्या आमच्या वराहपालनात लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या माद्या आहेत आणि पिल्लांचे दूध आम्ही 42व्या दिवशी तोडतो. पुढचा आठवडा नेहमीच जड जातो. पिल्ले आधी खाद्याला तोंड लावत नाहीत, मग एकदम अधाशासारखी खातात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्यासारखी हगवण सुरू होते. शहरातील पशुऔषधांच्या दुकानातून आणलेली एक भुकटी मी नोव्हेंबर, जानेवारी आणि एप्रिलमधील तीन वेतांना दिली. तिचे नाव लिहीत नाही, कारण अशाच घटकांच्या भुकट्या अनेक कंपन्या विकतात आणि माझे म्हणणे घटकांविषयी आहे. पुड्यावर सायट्रिक आम्ल, फ्युमॅरिक आम्ल, कॅल्शियम फॉर्मेट, सॅकरोमायसिस यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस असे लिहिलेले आहे. यांतले शेवटचे दोन म्हणजे प्रोबायोटिक, पचनाला उपयोगी जिवंत सूक्ष्मजीव. मात्रा 100 किलो खाद्याला 500 ग्रॅम.

आम्ल द्यायचे कारण सरळ आहे. आईच्या दुधातील लॅक्टोज या साखरेपासून पिल्लाच्या जठरातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. दूध तुटताच तो आंबटपणा जातो आणि पिल्लाचे जठर स्वतःचे हायड्रोक्लोरिक आम्ल अजून पुरेसे स्रवत नसते. प्रथिने अर्धवट पचून पुढे सरकतात आणि त्यांवर हगवण लावणारे ई. कोलाय जिवाणू माजतात. त्यातच उपासमारीने लहान आतड्यातील केसांसारखे सूक्ष्म उंचवटे आखूड होतात, म्हणजे अन्न शोषून घेणारी जागाच घटते.

इतके असूनही नोव्हेंबरच्या वेतात मला काहीही फरक दिसला नाही आणि मी भुकटीलाच दोष देऊन मोकळा झालो होतो. पशुवैद्यकांनी मात्र भुकटीऐवजी खाद्याचे मिश्रण तपासले. मक्याचा भरडा आणि सोयाबीन पेंडीबरोबर मी चुनखडीची भुकटी सढळ हाताने घालत होतो, आणि चुनखडी नेमके आम्लच निष्प्रभ करते. एका हाताने दिलेले मी दुसऱ्या हाताने काढून घेत होतो. जानेवारीत दूध तोडल्यावरचे पहिले दोन आठवडे चुनखडी अगदी थोडी ठेवली, पेंडही कमी केली आणि खाद्य दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे दिले. हगवण लागली ती मोजक्याच पिल्लांना, आणि तीही दोन दिवसांत आवरली. यातले श्रेय एकट्या भुकटीचे नाही, तरी त्या वेतात ती निश्चित उपयोगी पडली असे माझे मत आहे.

एप्रिलमध्ये गाडी पुन्हा घसरली. सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या पुड्यात यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस जिवंत राहतील, ही अपेक्षाच चुकीची होती. आम्लांना उष्णतेची तितकी भीती नसते, जिवंत घटकांना असते. आपल्याकडे अनेक जण हॉटेलचे उरलेले अन्न उकळून घालतात (ते उकळलेच पाहिजे), पण त्या वाफाळत्या अन्नातच भुकटी मिसळली तर प्रोबायोटिकसाठी मोजलेले पैसे तिथल्या तिथे वाया जातात. अन्न कोमट झाल्यावरच भुकटी घालावी.

माझी खरी तक्रार पुड्याविषयी आहे. दर ग्रॅममध्ये जिवंत जिवाणू किती आणि पुडा कोणत्या तापमानात ठेवायचा, यांपैकी काहीच त्यावर छापलेले नाही, आणि जिवंत घटकांच्या नावाने पैसे घेणाऱ्या उत्पादनात ही उणीव मला गंभीर वाटते. दुकानदाराने सोबत प्रतिजैविकाचीही पुडी पुढे केली. ती मी घेतली नाही. कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या खाद्यपशूंतील वापरावर भारत सरकारने 2019 साली बंदी घातली आहे, हे पशुपालकांनी लक्षात ठेवून अशा पुडीतील घटक वाचावेत आणि औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच द्यावे.

थंडीतील वेतांसाठी मी हीच भुकटी पुन्हा घेईन. उन्हाळ्यात मात्र नुसती आम्ले, आणि प्रोबायोटिक हवेच असेल तर बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे, कारण त्याचे बीजाणू (टणक कवचातले सुप्त रूप) उष्णता बऱ्यापैकी सोसतात.