४,९९९ चा पोकर पोझिशन कोर्स घेतला आणि मग गोव्यात मांडवीवर जाऊन बसलो

कोर्सवाल्याचं नाव टाकत नाहीये, कारण एक मोठी तक्रार आहे आणि माणूस तसा वाईट नाही. ४,९९९ रुपये, सहा व्हिडिओ मिळून सात-साडेसात तास, दोन रविवारी लाइव्ह शिकवणी आणि एक पीडीएफ. विषय एकच, टेबलवर तुम्ही बटणापासून किती लांब बसलात त्यावरून काय खेळायचं आणि काय सोडायचं. मित्र म्हणाला एवढ्याशा गोष्टीला पाच हजार? मेंढीकोट खेळणाऱ्या आज्जीला विचार, ती फुकट सांगेल की तिघांची पानं पडल्यावर चौथ्याची मजा असते, बघून सवरून मेंढी काढायची नाहीतर दाबून ठेवायची.

खरंय ते. पण मेंढीकोटात पैसे नसतात आणि पोकरमध्ये एक्का हातात आला की माणूस आज्जीचं सगळं विसरतो, मी तरी विसरायचो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: बटण म्हणजे डीलरची चकती, दर डावाला डावीकडे एक घर सरकते. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मग टेबलवर सगळ्यांसाठी तीन पत्ते उघडतात (फ्लॉप), मग एक (टर्न), मग आणखी एक (रिव्हर). या तिन्ही वेळा बटणवाला शेवटी बोलतो, म्हणजे पैशांचं शेवटी ठरवतो. त्याच्या डावीकडचे दोघं स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड, पत्ते बघायच्या आधीच पैसे टाकून बसलेले, आणि त्यांच्या पुढचा अंडर द गन, ज्याला कोणाचंच काही माहीत नसताना पहिलं तोंड उघडावं लागतं: फोल्ड (पत्ते सोडणं), कॉल (लागलेत तेवढेच पैसे टाकणं) की रेझ (वाढवणं).

व्हिडिओ २ हा कोर्समधला सगळ्यात भारी भाग. दोन पत्त्यांच्या एकूण जोड्या १,३२६. त्यातल्या एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्या प्रत्येकी ६ आणि एक्का-राजा १६, म्हणजे ३४ जोड्या अशा की समोर आल्या तर आपली वाट लागणार. एका माणसाकडे यातलं काही असायची शक्यता अडीच टक्क्यांच्या आसपास. पण नऊ जणांच्या टेबलवर अंडर द गन असाल तर मागे आठ जण बाकी असतात, त्यातल्या एकाकडे तरी असायची शक्यता जाते साधारण १९ टक्क्यांवर, आणि बटणावर सगळे फोल्ड करून तुमच्यापर्यंत आलं तर मागे फक्त दोन ब्लाइंड, म्हणजे ५ टक्के. पत्ते तेच, खुर्ची बदलली. मी हे इतकी वर्षं "फील"वर खेळत होतो, एकदा कागदावर मांडून बघितल्यावर डोकं जरा जाग्यावर आलं.

मग होमवर्क. नॉर्वेच्या अ‍ॅनेट ओब्रेस्टाडने २००७ मध्ये १८० जणांची एक ऑनलाइन टुर्नामेंट जवळजवळ पत्ते न बघता जिंकली होती, एकाच हातात काय ती डोकावली, आणि त्याच वर्षी वयाच्या १८ व्या वर्षी वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपची मेन इव्हेंट पण मारली. कोर्सवाला म्हणतो तसं करा, फुकटच्या चिप्सवर, पत्ते झाकून, फक्त बटण कुठंय आणि समोरचे काय करतायत ते बघून. मी मोबाईलच्या स्क्रीनवर खाली बँडेडची पट्टी चिकटवली, बायको म्हणाली फोनला लागलं का काही. जिंकलो वगैरे काही नाही, पण चार दिवसांत सवय लागली की आधी चकती बघायची आणि मग पत्ते. ४,९९९ मधले तीन हजार तर मी या एका सवयीचे धरतो.

आता तक्रार. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैशांचं पोकर अ‍ॅपवर बंद झालं, तेव्हा या भाऊने जुना ऑनलाइनचाच कोर्स "लाइव्हसाठी" म्हणून विकायला काढला. पीडीएफमधले सगळे तक्ते (कुठल्या जागेवरून कुठले पत्ते खेळायचे) सहा जणांच्या टेबलचे! मी पुण्याहून गोव्याला गेलो, पणजीच्या जेट्टीवरून छोट्या बोटीने मांडवीतल्या कॅसिनोवर, ५०/१०० ब्लाइंडचं टेबल, १०,००० घेऊन बसलो, आणि टेबल नऊ जणांचं. पहिल्या अर्ध्या तासात अंडर द गन, हातात एक्का-गुलाम, रंग वेगळे. पीडीएफची पहिली ओळ म्हणते रेझ. सहा जणांत पहिला बोलणारा म्हणजे नऊ जणांतला चौथा, त्याच्या अजून तीन घरं आधी मी बसलोय हे डोक्यातच आलं नाही. ५०० केले, चार जणांनी कॉल केलं (गोव्यात सुट्टीवर आलेला माणूस फोल्ड करायला आलेला नसतो). फ्लॉप बदामचा एक्का, बदामची नव्वी, किलवरची छक्की. १,५०० टाकले, एकाने कॉल, त्याच्या मागच्याने ४,५००. कॉल केलं, मधला गळाला. टर्नला मी चेक (पैसे न लावता पुढे), त्याने माझे उरलेले पाच हजार मागितले, मी जांभई दिल्यासारखे दिले. नव्वी-छक्की होती त्याच्याकडे, म्हणजे दोन जोड्या, माझी एक्क्यांची एकच. दहा हजार गेले आणि सँडविच पण अजून आलं नव्हतं.

रात्री मेसेज केला तर उत्तर, "व्हिडिओ ५ मध्ये सांगितलंय." बघितलं. सांगितलंय खरं, ४१ व्या मिनिटाला एक वाक्य, की टेबल मोठं असेल तर सुरुवातीच्या जागांवर अजून घट्ट खेळा, म्हणजे कमी हात खेळा. अरे बाबा, हे पीडीएफच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात पाहिजे ना! आणि स्ट्रॅडलवर तर काहीच नाही. आमच्या टेबलवर दर दुसऱ्या डावाला अंडर द गनवाला हौसेने पत्ते बघायच्या आधीच २०० ठेवायचा (हाच स्ट्रॅडल), मग फ्लॉपच्या आधी तो शेवटी बोलतो, ब्लाइंड त्याच्या आधी, आणि फ्लॉप पडला की साहेब परत टेबलच्या वाईट टोकाला. नवीन माणूस यात हमखास गोंधळतो, मी गोंधळलो.

दुसऱ्या संध्याकाळी व्हिडिओ ४ कामी आला, जागा निवडण्यावरचा. पैसा टेबलवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सरकतो, म्हणून जो प्रत्येक हातात रेझ मारतो तो आपल्या उजवीकडे पाहिजे, तो आधी बोलणार आणि आपण ऐकून ठरवणार. असे एक काका ३ नंबरच्या सीटवर होते, दर हाताला "चला, बघू काय होतंय" म्हणून पैसे ढकलायचे. ४ नंबर रिकामा होताच मी टेबलं सांभाळणाऱ्या फ्लोअरवाल्याला सांगून तिकडे सरकलो. तासाभरात बटण माझ्यावर आणि परत एक्का-गुलाम वेगळ्या रंगाचे. दोघांनी शंभर-शंभर टाकलेले, त्यात एक काका. मी ६०० केले, बाकी सगळे गळाले, काका राहिले. फ्लॉप एक्का, राजा, चौकी. काका चेक, मी ७००, कॉल. टर्न सत्ती, काका चेक, मी पण चेक, कारण पॉट (मध्ये जमलेले पैसे) किती वाढवायचा हे आता माझ्या हातात होतं, आदल्या दिवशी ते दुसऱ्याच्या हातात होतं. रिव्हर दुर्री, काकांनी १,२०० टाकले, मी कॉल. काकांकडे एक्का-पंजी, माझा गुलाम वरचढ. पॉट ५,२५० चा, त्यात माझा फायदा २,७५०. फार मोठं काही नाही, पण एकदाही घाम आला नाही.

दोन दिवसांचा हिशोब: ४,३०० गेले, प्रवास, रूम आणि कॅसिनोची एंट्री वेगळी.

पाचपैकी साडेतीन देतो. घ्यायचाच असेल तर व्हिडिओ १, २, ४ नीट बघा, ३ मध्ये स्वतःच्या जुन्या जिंकलेल्या हातांचं कौतुक आहे ते पळवा, ५ चं फक्त ४१ वं मिनिट बघा, ६ मी अजून पूर्ण केलेला नाही. पीडीएफची प्रिंट काढणार असाल तर तक्त्यांच्या वर पेनाने आणखी तीन ओळी आखा आणि त्या तीन जागांवर एक्का-गुलाम खोडून टाका. कालच त्याचा मेसेज आला, पार्ट २ येतोय, ६,९९९, विषय ब्लाइंडमधून कसं खेळायचं. मी फक्त विचारलं, टेबल किती जणांचं? ब्लू टिक आलीये.