ब्रांडरख, ब्रांडंट की स्ख्रैनंट? डच डॉक्टरला जळजळ सांगताना

लघवीला जळजळ, डोळ्यांची जळजळ, छातीत जळजळ. मराठीत एका शब्दावर निभतं. नेदरलँड्समध्ये हाउसआर्ट्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, फोन लावलात की तिथे शब्द निवडून वापरावा लागतो.

एकच शिकायचा असेल तर ‘ब्रांडरख’ शिका. ‘ब्रांडन’ म्हणजे जळणे, आणि ‘ब्रांडरख’ म्हणजे जळल्यासारखं. आपल्या ‘जळकट’मध्ये ‘-कट’ जे करतो, तेच इथे शेवटचा ‘-रख’ करतो. म्हणून जळकट वासालाही हाच शब्द चालतो. वरवरची, पसरलेली, सतत जाणवणारी आग असेल, मग ती त्वचेची असो, डोळ्यांची किंवा तळपायांची, तर हाच घ्या. लघवीसाठी ठरलेलं वाक्य: ‘अन ब्रांडरख खव्हूल बै हेट प्लासन’. एवढ्यावरून समोरच्याला मूत्राशयाच्या संसर्गाची शंका येते. मग ताप आहे का, कंबरेत दुखतं का, गरोदर आहात का, असे प्रश्न येतात आणि बहुधा लघवीचा नमुना मागतात. डोळ्यांसाठी शेवटी पुसट ‘अ’ जोडा: ‘ब्रांडरखअ ओखन’. तो राहिला तरी अर्थ कळतो.

‘ब्रांडंट’ म्हणजे खरंच जळणारं, मेणबत्तीसारखं. दुखण्यात तो जास्त तीव्र. पित्ताच्या जळजळीला मात्र ‘ब्रांडंट माखस्यूर’ हाच रूढ शब्द आहे. छातीवर दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर शब्द शोधत बसू नका, 112 लावा.

बूट चावून सोललेली टाच किंवा सायकलच्या सीटवर घासलेली मांडी चुरचुरते, तेव्हा ‘हेट स्ख्रैन्ट’ म्हणा. इथे क्रियापदच बरं, कारण ‘स्ख्रैनंट’ हे विशेषण वर्तमानपत्रांत बहुधा मन पिळवटणाऱ्या गरिबीसाठी किंवा अन्यायासाठी येतं.

जखमेवर आयोडीन झोंबलं, डोळ्यात शॅम्पू गेला: ‘हेट प्रिक्ट’. सुई खुपसल्यासारखी सणक असेल तर ‘स्टेकंट’. तिथे ब्रांडरख म्हटलंत तर डॉक्टर वरवरची आग समजतील. तिखट जेवणाला यातलं काहीच नको, ‘पिटख’ किंवा ‘स्खेर्प’ म्हणा.

नेमका शब्द सुचलाच नाही तर दुखरी जागा दाखवून ‘ब्रांडरख’ म्हणा आणि कधीपासून तेही जोडा: ‘सिंट्स खिस्टरन’, कालपासून.