झुरिकची सरकारी बालवाडी : सगळं उत्तम, पण बाराला घरी कोण?

मुलगा आणि सून झुरिकला गेले तेव्हा दोघांच्याही ऑफिसातून एकच सल्ला मिळाला, मुलाला इंटरनॅशनल स्कूलमध्ये घाला. तिथली फी वर्षाला साधारण पंचवीस ते पस्तीस हजार फ्रँक, आणि यातल्या बऱ्याचशा शाळा शहराबाहेर, म्हणजे चार वर्षांच्या पोराला रोज बस. त्यांनी तसं न करता घराजवळच्या सरकारी किंडरगार्टनमध्ये नाव घातलं. मी ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या वेळी पोचले आणि नोव्हेंबरपर्यंत राहिले. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवण्यात गेली, त्यामुळे नातवाच्या शाळेकडे बघताना माझ्यातली बाई आजीच्या पुढे धावायची. तिकडे जाऊ घातलेल्या मराठी घरांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी प्रवेशाचं. ३१ जुलैपर्यंत ज्याला चार वर्षं पूर्ण झाली त्याला ऑगस्टपासून किंडरगार्टन. दोन वर्षं, सक्तीचं आणि बिनफीचं. झुरिक प्रांतात २००८ पासून ते शालेय शिक्षणाचाच भाग आहे. मूल कुठे जाणार ते राहत्या पत्त्यावरून ठरतं, आपण शाळा निवडत नाही. मग चांगल्या शाळेजवळ घर घेऊ म्हणाल, तर २०२४ च्या मोजणीत या शहरात रिकामी घरं होती ०.०७ टक्के. दहा हजारांत सात. घर मिळेल तिथे राहायचं आणि तिथली शाळा आपली, असा सरळ हिशेब आहे.

आमच्यांना घर मिळालं क्राइस ५ मध्ये, म्हणजे शहराच्या पाचव्या विभागात, अगदी मधल्या भागात. पूर्वीचा कारखान्यांचा भाग. एका बाजूला लिमाट नदी, मधून रेल्वेचा जुना दगडी पूल आणि त्याच्या कमानींत २०१० पासून दुकानं. पुलाला लागून योजेफवीजे नावाचं मोठं हिरवं मैदान, तिथे उन्हाळ्यात मुलं पाण्यात खेळतात. जवळच लांगस्ट्रासे हा रात्री जागणारा रस्ता, बार आणि गर्दी. शनिवार-रविवारच्या सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर बाटल्या दिसतात. सुनेला आधी याची धास्ती होती. मला मात्र तो भाग आवडला. नातवाच्या वर्गात स्विस मुलं आहेत, पोर्तुगीज आहेत, एरिट्रियाची आहेत, श्रीलंकेहून आलेल्या तमिळ घरातली आहेत. कुणाचा बाप बँकेत, कुणाची आई इमारतीच्या सफाईला. एवढी वेगवेगळी घरं एका बाकावर बसलेली मी आमच्या गावच्या शाळेनंतर तिथेच पाहिली.

शाळेत चालत जायचं आणि लवकरात लवकर एकट्यानं जायला शिकायचं, ही तिथली पद्धत. गाडीनं सोडू नका असं पालकांना सांगतात. प्रत्येक मुलाच्या गळ्यात केशरी-पिवळा चमकता त्रिकोणी पट्टा, लांबूनही गाडीवाल्याला दिसावा असा. पोलीस स्वतः वर्गात येऊन रस्ता ओलांडायचे धडे देतात आणि मग मुलांना घेऊन खऱ्या रस्त्यावर उतरतात. थांब, बघ, ऐक, मग चाल, हे चार शब्द नातू झोपेतही म्हणायचा. गाडीवाल्यानं हात करून 'जा' म्हटलं तरी जायचं नाही, चाकं पूर्ण थांबलेली दिसली तरच पाऊल टाकायचं. सुरुवातीला मी बरोबर जायचे, मग एका चौकापर्यंत, मग दारापर्यंतच. पलीकडच्या गल्लीतली मोठ्या गटातली, म्हणजे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी त्याला बोलवायला येऊ लागली आणि माझं काम संपलं. माझ्या मते या शाळेतला सगळ्यात मोलाचा तास वर्गाबाहेर, या दहा मिनिटांच्या रस्त्यावर भरतो. बसनं जाणाऱ्या मुलाला तो मिळत नाही.

पालकांना वर्ग बघायला बोलावतात त्या सकाळी सुनेबरोबर मीही गेले. वीसेक मुलं, चार ते सहा वयाची, दोन्ही वर्षांची एकत्र. आल्यावर बूट काढून घरातल्या सपाता घालायच्या, आपल्या खुणेचं चित्र फळ्यावर सरकवायचं, झाली हजेरी. मग खुर्च्यांचा गोल, गाणं, गोष्ट. त्यानंतर बराच वेळ मुलं आपापल्या कोपऱ्यात. एका कोपऱ्यात सुतारकामाचा ओटा होता, त्यावर खरी हातोडी आणि खरी करवत. पाच वर्षांची मुलगी लाकूड कापत होती आणि बाई शेजारी बसून नुसत्या बघत होत्या. माझा हात दोनदा पुढे झाला, सुनेनं धरला.

त्या बाईंचं काम मला शिक्षिका म्हणून फार वरच्या दर्जाचं वाटलं. एका मुलाला जॅकेटची चेन लागत नव्हती. मदतीला कुणी धावलं नाही. बाईंनी त्याला मोठ्या गटातल्या मुलाकडे पाठवलं, त्यानं दाखवलं, छोट्यानं लावली. दोन वयं एका वर्गात ठेवण्याचं कारण मला तिथे उमगलं. आमच्याकडे दोन इयत्ता एकत्र बसवतात ते शिक्षक कमी म्हणून. तिथे ते ठरवून केलेलं आहे. ठरलेल्या सकाळी जंगलात जातात, पाऊस असला तरी. वरून रबरी विजार घालतात आणि चिखलात बसून खातात. मधल्या सुट्टीच्या डब्यात फळ, गाजर, काकडी, पाव. गोड नको म्हणून स्पष्ट सांगितलेलं असतं, त्यामुळे मी नेलेले राजगिऱ्याचे लाडू घरीच संपले. नियम मला पटला.

अक्षरं मात्र शिकवत नाहीत. मोजणं, जुळवणं, ऐकून सांगणं, कात्री धरणं हे सगळं होतं, पण लिहिणं-वाचणं पहिलीत. त्या वयाला ते योग्य आहे असं माझं इतक्या वर्षांच्या शिकवण्यानंतरचं मत आहे. तरी ज्यांचा करार दोन वर्षांचा आहे आणि परत भारतात यायचं नक्की आहे, त्यांनी घरी रोज थोडा वेळ वाचनाला ठेवावा, नाहीतर इथल्या पहिलीत मुलाची ओढाताण होईल. आणि ज्यांची नोकरी दर दोन-तीन वर्षांनी देश बदलायला लावते त्यांना इंटरनॅशनल स्कूलच सोयीचं, कारण पुढच्या देशात तोच अभ्यासक्रम सापडू शकतो.

भाषेची काळजी सगळ्यांना असते. २०११ मध्ये झुरिकच्या मतदारांनी कौल दिला की किंडरगार्टनमध्ये स्थानिक बोलीतूनच शिकवायचं. म्हणजे मूल आधी पुस्तकातली जर्मन शिकत नाही, स्विस बोली शिकतं. ज्यांना अजिबात येत नाही त्यांच्यासाठी जर्मनचे जादा तास शाळेतच आहेत. आमचा नातू पहिले कितीतरी दिवस वर्गात एक शब्द बोलला नाही. घरी तोंडाचा पट्टा, तिथे मौन. बाईंनी आईवडिलांना बोलावून सांगितलं की हे असंच होतं, तो ऐकून साठवतो आहे, तुम्ही घरी मराठीच बोला. तसंच झालं. ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर तो मैदानावर भांडूही लागला. शाळेची पत्रं जर्मनमध्ये येतात, ती मुलगा फोनवर भाषांतर करून वाचतो. पालकभेटीसाठी दुभाषा मागता येतो, लाजू नये, मागावा.

आता खरी अडचण. शाळा सकाळी आठच्या सुमारास सुरू होते आणि बाराला मूल घरी. पहिल्या वर्षी बहुतेक दिवस तेवढंच. बुधवारी दुपारी कुणालाच शाळा नाही. वर्षात तेरा आठवडे सुट्ट्या, आणि कायद्यानं नोकरदाराला हक्काची रजा किमान चार आठवडे. नवरा-बायको दोघांची रजा जोडली तरी सुट्ट्या उरतातच. हे वेळापत्रक घरात दुपारी कुणीतरी आहे असं धरून आखलेलं आहे, आणि ते कुणीतरी म्हणजे आई. आमच्या खेड्यातल्या शाळेत दुपारी पोषण आहाराची खिचडी शिजते, मूल जेवून पुन्हा वर्गात बसतं. इतक्या श्रीमंत शहरात चार वर्षांचं मूल जेवायला घरी पाठवतात हे मला शेवटपर्यंत रुचलं नाही.

सोय नाही असं नाही. शहराची पाळणाघरं शाळेला जोडून आहेत, तिथे जेवण, दुपारचा खेळ, सुट्टीतले दिवस सगळं मिळतं. त्याचे पैसे मात्र उत्पन्नाप्रमाणे लागतात, आणि चांगल्या पगाराच्या परदेशी घराला पूर्ण दर पडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये मतदारांनी दिवसभराच्या शाळांना मंजुरी दिली आहे, मुलांनी दुपारी शाळेतच जेवायचं अशा. पण त्या टप्प्याटप्प्यानं होत आहेत. तेव्हा घराचा पत्ता पक्का झाला की पहिला प्रश्न हाच विचारा, आपल्या वाट्याची शाळा दिवसभराची झाली आहे का? नसेल तर किंडरगार्टनच्या नोंदणीबरोबरच दुपारच्या जागेचा अर्ज करा, आणि त्यात शाकाहारी असं ठळक लिहा.

आजी-आजोबांच्या भरवशावर हे सोडू नका. आम्हाला शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला, व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचाच मिळतो. मी होते तोवर बाराची वेळ माझी होती. मी निघायच्या आधी सुनेनं काम ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे आठवड्यात पाचाऐवजी चार दिवसांवर आणलं, तिथे तसं करता येतं, आणि बुधवार स्वतःकडे घेतला. मुलगा सोमवारी घरून काम करतो. उरलेले तीन दिवस नातू पाळणाघरात जेवतो. मुलानंही ऐंशी टक्के करावं असं मी त्याला सांगून आले आहे. पुढच्या वर्षी मोठ्या गटात दुपारचे वर्गही सुरू होतील, तेव्हा हे वेळापत्रक पुन्हा मांडावं लागेल.