खाडीवरची फळ्यांची वाट: आठ महिन्यांनंतर

पहिल्यांदा गेलो तेव्हा निराश होऊन परतलो. फळ्यांची लांब वाट, दोन्ही बाजूंना कठडा आणि पलीकडे नुसतं गढूळ पाणी. पंधरा मिनिटांत टोक गाठलं, फोटो काढले, संपलं. तेव्हा लिहिलं असतं तर ‘एकदा जाऊन या, पुरे’ एवढंच लिहिलं असतं. त्यानंतर आठ महिने जवळजवळ दर रविवारी जातोय आणि माझं मत पार बदललंय.

चूक वेळेची होती. मी ऐन भरतीत गेलो होतो. खाडीचं सगळं घर पाण्याखाली असताना!

दिवसातून दोनदा भरती येते तिथे तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्याभरात हा फरक सहा तासांच्या आसपास जातो. म्हणून दर रविवारी सकाळी सातलाच गेलात तर एका रविवारी काठोकाठ पाणी आणि पुढच्या रविवारी उघडा चिखल. हे लक्षात यायला मला दीड महिना लागला. आता आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघतो, मग घड्याळ. ओहोटी लागल्यावर दोनेक तासांनी पोचायचं. पुढच्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने उतरतं, सहा तासांत जेवढं उतरायचं त्यातलं जवळपास निम्मं. एका जागी उभं राहून हे उतरणं बघता येतं, आणि मला विचाराल तर या वाटेवर बघण्यासारखी हीच गोष्ट आहे.

आधी तिवरांची श्वसनमुळं वर येतात, चिखलात हजारो पेन्सिली रोवल्यासारखी. त्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. तिवराचं पान उलटून बघा, त्यावर मिठाची बारीक कणी दिसते. जास्तीचं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. मग निवट्या दिसू लागतात. मासा असून परांवर रेटा देत चिखलावर सरकतात, मध्येच टुणकन उडी मारतात. ओल्या कातडीतून श्वास घेता येतो, म्हणून पाण्याबाहेर त्यांचं निभतं. आणि ते इवले खेकडे, ज्यांच्या नराची एकच नांगी अंगाच्या मानाने प्रचंड असते! ती हलवून तो माद्यांना बोलावतो आणि दुसऱ्या छोट्या नांगीने चिखल उचलून खातो. त्याच्या बिळाभोवती पडलेल्या चिखलाच्या गोळ्या म्हणजे चाळून टाकलेला उरलेला माल. एकदा मी यांच्यापाशी पाऊण तास उभा होतो. हलायचं नाही, हे महत्त्वाचं. फळीवर पाय आपटला की सगळे बिळात, आणि पुन्हा वर यायला पाचेक मिनिटं घेतात.

ओहोटीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. बरेच जण तिथूनच नाक दाबून परत फिरतात, फार वाईट वाटतं. चिखलातले जिवाणू हवेशिवाय पाला कुजवतात, त्यातून हा वायू सुटतो. घाण साचल्याचाच तो वास असेल असं नाही.

आता वाटेबद्दल. लाकडी फळ्यांचा भाग चांगला आहे, पण सावलीत त्यावर शेवाळ धरतं आणि पावसानंतर पाय हमखास घसरतो. खाचांचे तळ असलेली पादत्राणं घाला. पुढचा भाग लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र फळ्यांचा आहे. तो दुपारी इतका तापतो की लहान मुलं अनवाणी उभी राहू शकत नाहीत. दोन फळ्यांमधल्या फटीत आईची काठी अडकली होती, थोडक्यात पडता पडता वाचली. एक सुटी फळी मी कळवल्यावर तीन आठवड्यांनी बसवून दिली.

कठड्याचं मात्र अजून काही झालेलं नाही. बाबा व्हीलचेअरवर असतात आणि वरची जाड आडवी पट्टी बरोब्बर त्यांच्या डोळ्यांसमोर येते. संपूर्ण वाटेवर दोनच ठिकाणी कठडा खाली घेऊन जाळी लावली आहे. आम्ही तिथेच थांबतो. अशा जागा आणखी चार-पाच तरी हव्यात.

उधाणाच्या भरतीनंतर, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे, मुळांवर प्लास्टिकच्या पिशव्यांचा थर बसतो. श्वसनमुळं झाकली गेली की झाड गुदमरतं, तेव्हा हा प्रश्न दिसण्यापुरता नाही. सफाई होते, पण वाटेवरची. खाली चिखलात कुणी उतरत नाही. रात्री दिवेही फार प्रखर असतात, आणि शेजारच्या झाडांवर बगळ्यांचा मुक्काम असतो. ते दिवे पायांपाशी, खाली झुकलेले असते तरी चाललं असतं.

प्रवेशद्वारापाशी नियमांचे दोन मोठे फलक आहेत. त्यांच्या शेजारी त्या आठवड्याच्या ओहोटीच्या वेळा लिहिलेला एक साधा फळा लावा, ही विनंती गेल्या रविवारी मी तिसऱ्यांदा करून आलो.