टाइमशेअर नकोसा झालाय? विकावा की ग्राहक आयोगात जावं?

कळंगुट-बागा पट्ट्यात स्क्रॅच कार्ड दाखवून सादरीकरणाला नेतात आणि टाइमशेअर, म्हणजे दरवर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचं वर्षानुवर्षांचं सदस्यत्व, गळ्यात मारतात, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. सही ताजी असेल तर आधी करारातली रद्द करण्याची मुदत पाहा आणि ती संपण्याआधी लेखी कळवा. मुदत उलटली असेल, तर दोन वाटा उरतात.

पहिली, सदस्यत्व विकणं. कागदावर सोपी, पण भरलेल्या रकमेच्या मानाने भाव फार कमी येतो. हस्तांतरण शुल्क वेगळं, थकलेली देखभाल फीही आधी चुकती करावी लागते. "गिऱ्हाईक तयार आहे, आधी नोंदणीचे पैसे पाठवा" असा फोन आला, तर एक रुपयाही देऊ नका. आधीच पोळलेल्या माणसांना असं पुन्हा लुटतात, याची मला खरोखर चीड येते.

दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. खोटी आश्वासनं किंवा बुकिंगच न मिळणं, याचे पुरावे असतील तर मी हीच निवडेन. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनी दिल्लीची असली तरी म्हापशाचा माणूस उत्तर गोव्यातच तक्रार करू शकतो. वेळ मात्र लागतो.

तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, म्हणून पावत्या, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप संदेश आजच एकत्र करा. पुरावा नसेल आणि फक्त कंटाळा आला असेल, तर पडत्या भावात विकून मोकळं व्हा.