कागद आणि सुबत्तेची शब्दकोडी: सूत्रे अव्वल, छपाई कच्ची

रत्नागिरी-चिपळूणकडच्या एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्यांकडे सध्या मिळणारी ही शब्दकोड्यांची पुस्तिका एकाच विषयाला धरून आहे: कागद आणि सुबत्ता. सरधोपट समानार्थी शब्द विचारून वेळ मारून नेलेली नाही, म्हणून ती घ्यावी.

नमुन्यादाखल हे सूत्र पाहा: 'वाण्याकडे अख्खा मिळतो, मोदकांवर मारला जातो (2)'. उत्तर 'ताव'. कागद आणि पंगत दोन अक्षरांत आली, एकही शब्द फुकट गेला नाही. 'खळ्यात भाताची, कुंडलीत चंद्राची (2)' म्हणजे 'रास'. 'रद्द झाले, वेलांटी लागताच किलोवर गेले (2)' म्हणजे 'रद्दी'. सगळ्यात सुरेख 'भर घातली, मागून वाशिष्ठीला आला, तरी कमी नाही (4)'. भर अधिक वाशिष्ठी नदीचा पूर, 'भरपूर'. चिपळूणकराला हे फोडून सांगावे लागणार नाही.

'वीस दस्ते (2)' इथे मात्र अडायला होते. उत्तर 'रीम', पण शेजारच्या सूत्रात रीम 480 कागदांची धरली आहे. जुना दस्ता 24 कागदांचा, त्यामुळे हिशेब चुकीचा नाही. आज दुकानात मिळणारी रीम 500 ची असते. सूत्रात 'जुन्या मापाने' एवढे हवे होते.

आता कागदाविषयी. वर्तमानपत्री कागद वापरला आहे, आणि तो आपल्याकडच्या जुलैतल्या दमट हवेत ओलावा ओढून फुगतो. जेल पेनाची शाई पसरते, मागच्या पानावर उमटते. कडक टोकाची पेन्सिल असा कागद ओरबाडते. 2बी वापरा, हलक्या हाताने, आणि खोडताना रबर एकाच दिशेने फिरवा. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली बरी. घरेही लहान आहेत: 'पुष्कळ'मधला 'ष्क' कसाबसा बसतो, 'द्दी'ची वेलांटी थेट वरच्या घरात शिरते.

खरी चूक नवव्या कोड्यात आहे. आडवा 'भरपूर' आणि उभा 'विपुल' एकाच घरात छेदतात. मराठी कोड्यात एका घरात काना-मात्रेसकट पूर्ण अक्षर येते. दीर्घ 'पू' आणि ह्रस्व 'पु' तिथे एकत्र नांदू शकत नाहीत. ज्याचे शुद्धलेखन पक्के, तोच बरोबर लिहिलेला 'भरपूर' खोडत बसणार. बाकी कोड्यांत ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळले आहे, त्यामुळे हे जास्तच खुपते. उभ्या शब्दाच्या पहिल्या आणि शेवटच्या घराला दुसरा शब्द लागलेला नाही, म्हणजे दुरुस्ती सोपी होती: 'विपुल'च्या जागी 'कापूस'. मधले अक्षर दीर्घ 'पू' जुळते, आणि सुती चिंध्यांपासून हातकागद होतो, त्यामुळे विषयही सुटत नाही.